हिंगाचं बोट

वाटीत चमचा फिरला. किणकिण, किणकिण, आणि शेवटी काठावर एकदा टक्. पावणेसात वाजले होते आणि त्याआधी घरात कसलाही आवाज नव्हता. माझी लेक चेलना अंथरुणात पालथी पडलेली, नवरा सन्मती अंघोळ पुढे ढकलत डोळे मिटून बसलेला, मी गॅलरीत चहा घेऊन उभी. दिवसातली ती दहा मिनिटं माझी एकटीची असतात. त्या आवाजाकडे मी कधी लक्ष दिलं नाही. आत्तींची स्वयंपाकाची तयारी चालली असेल, एवढंच मनात यायचं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, त्रिशला मगदूम. आमच्या मिरज भागात सासूला आत्ती म्हणतात.

"चेलू, उताणी हो बघू. पट्टीवालं बाळ कुठाय?"

"पट्टीवालं बाळ मेलं."

"अगं आई! सकाळच्या पारी काय बोलतीस गं?"

"मेलं म्हणजे झोपलं."

मग खुदखुद हसणं आणि पुन्हा शांतता. पट्टी लागली, हे मला गॅलरीतूनच कळायचं. मी लावायला गेले की हीच पोरगी लाथा झाडते, पाठ वाकडी करते, एकदा तर चष्मा उडवला होता माझा. आत्तींच्या हाताखाली मात्र मांजरीच्या पिल्लासारखी पडून राहते. "माझ्या हाताला गुण हाय," आत्ती म्हणायच्या. मी हसायचे आणि मनात कुठेतरी खुपायचं. पण गुण होता, हे खरं होतं.

चेलना चार वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना कृष्णेला पूर आला आणि पुराच्या मागोमाग पोटाची साथ. मोठी माणसं आठवड्यात उठून कामाला लागली. काही लहान मुलं उठली, पण त्यांचं पोट काही ठिकाणावर आलं नाही. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं, लोक 'हळवं पोट' म्हणू लागले. सूज नाही, जंतू नाहीत, तपासण्या सगळ्या चांगल्या. फक्त आतड्यांच्या नसा साथीतली घाई विसरायला तयार नाहीत. खाल्लेलं अर्ध्या-पाऊण तासात बाहेर. तोंडानं दिलेलं औषधही त्याच वाटेनं जायचं. तिसरा वाढदिवस झाला तेव्हा चेलनाचं वजन साडेनऊ किलो होतं. तिला मांडीवर घेतलं की मांडीवर काही आहे असं वाटायचं नाही.

म्हणून मग बेंबी.

जन्माआधी आपण सगळे तिथूनच जेवतो. नाळ पडली की आतल्या रक्तवाहिन्या मिटतात, त्यांच्या नुसत्या दोऱ्या उरतात, पण भोवती बारीक शिरांचं जाळं राहतं. त्या खळग्यातली कातडी पातळ असते आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नसतो. चिनी वैद्य फार पूर्वीपासून हे वापरत आलेत. सुंठ, लवंग, दालचिनी आणि वुझुयू नावाचं एक कडू फळ, यांची पूड ओलवायची, बेंबीत भरायची, वरून कापडी पट्टी चिकटवायची. मुलांच्या जुलाबांवर तर खास. बेंबीच्या जागेला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ साधारण 'चैतन्याचा दरवाजा' असा होतो. दरवाजा खरंच उघडतो का, यावर वाद होते. कोणी चिमूटभर पूड भरायचा, कोणी चमचाभर, आणि आत किती गेलं ते कुणालाच कळायचं नाही.

नव्या पट्टीला ते कळतं. बाटलीच्या झाकणाएवढी गोल, पापडाच्या लाटीपेक्षा पातळ. तिच्यात चार कप्पे आणि चार अर्क. मधोमध एक कान आहे, तो आतड्यांची गुरगुर ऐकतो. कडेला एक नाक आहे. आतड्यांत वायू अडला की सुटला, त्याचा अगदी पुसट मागमूस कातडीतूनही बाहेर येतो आणि त्यातला गंधक हे नाक हुंगतं. कान आणि नाक मिळून ठरवतात की पोट आत्ता कसं आहे. पोट कळवळलं की कप्पा कोमट होतो आणि अर्क पाझरतो. वायू सुटला, पोट मोकळं झालं, असं वाटलं की कप्पा मिटतो.

शिवाय ही पट्टी एकटी शिकत नाही. सारख्या बांध्याची, सारख्या दुखण्याची वीस मुलं एका गटात असतात. एकाला कमी औषधात बरं वाटलं, की या सगळ्या पट्ट्या चालवणारं यंत्र बाकीच्या एकोणीस जणांनाही कमी देऊन बघतं. कमीत कमी औषध द्यायचं, हे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं आहे.

या पट्टीच्या चाचणीत चेलनाचं नाव घालायला गेलो, तेव्हा चाचणी केंद्राचे प्रमुख डॉ. हेरवाडे यांनी अर्ज वाचून दाखवला होता. पण त्यांच्याआधी आत्तींनीच त्यांची तपासणी सुरू केली.

"ह्याचा डिंक कशाचा? कुठल्या प्राण्याचं काही न्हाई ना ह्यात?"

"नाही काकू. बाभळीचा डिंक."

"आणि आलं?"

"आलं नाही, सुंठ आहे."

"मग चालतंय." आम्ही जैन. आत्ती जमिनीखालचं काही खात नाहीत. ओलं आलंसुद्धा त्यांना चालत नाही, सुंठ चालते.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मुलीच्या पोटाला घरी दुसरं काही औषध, मलम, तेल लावता? ठेचलेली कांद्याची पात? भाजलेलं मीठ?"

"कांदा?" आत्तींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही डॉक्टरांचं डोकं फिरलंय. "आमच्यात कांदा? काय लावत न्हाई बघा."

डॉक्टरांनी पाच ठिकाणी 'नाही' लिहिलं. मी सही केली.

चार महिन्यांत चेलना बारा किलो शंभर ग्रॅम झाली. बालवाडीत पूर्ण वेळ बसू लागली. एक दिवस तिनं अख्खा पेरू खाल्ला आणि आम्ही तिघं मोठी माणसं घड्याळाकडे बघत बसलो. एक तास झाला, दोन तास झाले. सन्मती उठून आत गेला. तो पॉलिटेक्निकात शिकवतो, पोरांसमोर कधी डोळे पुसत नाही, घरीही आत जाऊनच पुसतो.

मी त्याच केंद्रात पट्ट्यांचे आलेख वाचायचं काम करते. यंत्राला काही कळेनासं झालं की माझ्याकडे येतं. स्वतःच्या मुलीचा आलेख मला ओळखू येऊ नये, म्हणून सगळी नावं झाकलेली असतात. मला दिसतात फक्त गट आणि नंबर.

त्या मंगळवारी डॉ. हेरवाडे माझ्या टेबलापाशी आले.

"प्रेक्षा, गट एकोणीस बघ जरा. यंत्र म्हणतंय पोरं बरी आहेत. वजनकाटा म्हणतोय नाहीत."

"किती जण घसरलेत?"

"चौदा. आणि शुक्रवारी मिश्रण आणि मात्रा ठरवून कुलूप लावायचंय. सोमवारपासून पाच जिल्ह्यांत नऊ हजार मुलांना तेच जाणार. मला त्याआधी सांग, खोटं कोण बोलतंय, यंत्र का काटा?"

मी गट उघडला. सगळ्यात वाईट अवस्था सात नंबरची. सव्वातीन वर्षांची मुलगी, सहा आठवड्यांत आठशे ग्रॅम खाली. वजन घसरू लागलं की आलेखाखाली घरच्यांनी रोज दोन ओळी लिहायच्या असतात. सात नंबरच्या आईनं लिहिलं होतं, 'आज कपडे पाच वेळा बदलले. काल चार. पट्टी मी बरोबर लावतेय ना? सरळ लावायची का थोडी तिरपी? कुणीतरी सांगा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'तिरपी लावून बघितली.'

तिची पट्टी बरोबरच लागत होती. तिच्या पट्टीतून औषधच निम्मं पाझरत होतं, कारण यंत्रानं दोन महिन्यांपूर्वी गटातल्या सगळ्यांचं औषध निम्म्यावर आणलं होतं. हे शहाणपण त्याला शिकवलं होतं अकरा नंबरनं.

अकरा नंबरचा आलेख देखणा होता. रोज सकाळी सहा पन्नासला, पट्टी लागल्या लागल्या, नाकाला गंधकाचा मोठा भपकारा. यंत्रानं अर्थ लावला की वायू सुटला, पोट मोकळं झालं. कप्पे बंद. आणि मूल खरंच बरं होतं, वजनही वाढत होतं. यंत्राच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं, निम्मं औषध पुरतंय की!

पण रोज सहा पन्नासलाच? पोटाला घड्याळ असतं का?

मी यंत्राला विचारलं, हा गंधक आतड्यातल्यासारखा आहे का? उत्तर लगेच आलं. नाही. वनस्पतीतला. कांदा-लसणीच्या वासाच्या जवळचा.

मला सुटल्यासारखं झालं. का झालं ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं, की सहा पन्नास हा आकडा बघितल्यापासूनच मला आमचीच सकाळ दिसत होती. आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. म्हणजे हे घर आमचं नव्हे.

मग आलेखात मागे गेले, तर मधेच नऊ दिवस भपकारा नव्हता. त्या नऊ दिवसांत पट्टी लावायच्या वेळी कानाला नुसता गोंधळ ऐकू येत होता, मूल हलतंय, लाथा झाडतंय. तारखा बघितल्या. आत्ती त्यांच्या बहिणीकडे नांद्र्याला गेल्या होत्या, ते दिवस.

आणि मग आठवलं, कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकघरात त्यांच्या वासाची जागा कोण घेतं ते. आमच्या डाळीत, भाजीत, ताकात, कढीत. रोज सकाळी पावणेसातला वाटीत कालवलं जाणारं ते फोडणीसाठी नव्हतं. फोडणीचा हिंग कुणी पाण्यात कालवतं का?

घरी जेवण दिवस मावळायच्या आत असतं. त्या दिवशीही तसंच बसलो. आत्ती भाकरी वाढत होत्या.

"आत्ती, चेलूच्या पोटाला सकाळी काय लावता?"

"पट्टी की."

"त्याच्या आधी?"

भाकरी त्यांच्या हातातच राहिली. "हिंगाचं बोट फिरवते. आत न्हाई हं, बेंबीच्या भोवतीनं. वाळला की वर पट्टी. का गं?"

"चार महिने?"

"चार महिने कशाला, जन्मल्यापासनं फिरवतेय. ह्या सन्मतीलाबी फिरवलाय. तुझ्या आईनं तुला फिरवला नसंल तर विचार जा."

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, दुसरं काही..."

"औषध लावता का, म्हणून विचारलं. हिंग काय औषध हाय? हिंग म्हणजे हिंग. उद्या पाणी लावलं तरी सांगायचं का?"

"मला गुदगुल्या होतात," चेलना म्हणाली. "आज्जी गोल गोल करते."

मी सगळं सांगितलं. यंत्राचं नाक कसं फसलं, गटातल्या मुलांचं औषध कसं कमी झालं, सात नंबरच्या आईनं काय लिहिलंय. आत्ती खाली बसल्या. सन्मतीनं पाण्याचा घोट घेतला.

"मग उद्यापासून हिंग बंद. झालं."

"नाही झालं. शुक्रवारी मिश्रण ठरतंय."

"यंत्र शिकेल की आपोआप. शिकणारं आहे ना ते?"

"तीन महिन्यांनी शिकेल. तोवर नऊ हजार पोरांना निम्मं औषध."

"आणि तू सांगितलंस तर?"

"चेलू बाहेर. पोटाला दुसरं काही लावलं की बाहेर, नियम तसाच आहे. पट्टी बंद, आणि चाचणी संपेपर्यंत परत नाही."

"किती?"

"दीड वर्ष."

तो ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिला, एकही तोंडात न घालता. "बारा किलो शंभर ग्रॅम, प्रेक्षा. आधी काय होतं ते विसरलीस तू?"

"मी विसरले?"

"मग गप राहा. त्या नऊ हजार पोरांना त्यांच्या आया आहेत."

"सात नंबरलाही आहे."

"सात नंबर कोण?" चेलनानं विचारलं.

"एक मुलगी आहे. तिचं पण पोट दुखतं."

"जास्त दुखतं?"

"हो गं. जेव आता."

बुधवारी मी केंद्रात गेले आणि काही बोलले नाही. डॉ. हेरवाडे दोनदा येऊन गेले. मी म्हटलं, बघतेय अजून. खोटं नव्हतं, बघतच होते. सात नंबरचा आलेख उघडून बघत बसले होते. गुरुवारीही तेच. गुरुवारी तिच्या आईच्या दोन ओळी अशा होत्या: 'पट्टी लावताना तिनं विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, बरं वाटायला. खोटं बोलल्यासारखं वाटलं.'

मी संगणक मिटून घरी आले तर आत्ती दारातच उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या, हात कोरडे होते तरी.

"दोन दिवस मी बोट फिरवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आज पोरगी चारदा गेली."

म्हणजे हिंग नुसता यंत्राच्या नाकाला फसवत नव्हता, पोटालाही धरून होता. किंवा आत्तींचा हात धरून होता. कोण किती, हे आता कळायला मार्ग नव्हता. एवढंच स्पष्ट होतं, की निम्म्या औषधावर माझी मुलगीसुद्धा उभी राहत नव्हती. सात नंबरजवळ तर हिंगही नव्हता.

"उद्या मी येते तुझ्यासंगं," आत्ती म्हणाल्या. "माझ्या हातानं झालंय, माझ्या तोंडानं सांगते."

सन्मती आतून बाहेर आला. "आई, तू यात पडू नकोस."

"पडलेच हाय की. चार महिने पडलेय, मला कळलं न्हाई एवढंच."

"आणि चेलूचं काय?"

आत्तींनी त्याच्याकडे बघितलं नाही. "आपण दिवे लागायच्या आत का जेवतोय? चिलटं मरू नयेत म्हणून. मग ही पोरं काय चिलटाहून कमी हायेत?"

सन्मती पायात चपला घालून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही तिघी, आत्ती, चेलना आणि मी, डॉ. हेरवाड्यांच्या खोलीत होतो. भिंतीवरच्या पडद्यावर चीनमधून डॉ. लिऊ होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. पट्टीची मूळ कल्पना त्यांची. त्यांचं बोलणं भाषांतराचं यंत्र मराठीत करून सांगत होतं, अगदी पुस्तकी मराठीत.

आत्तींनी सगळं सांगितलं. मधे कुठे रडल्या नाहीत, कुठे स्वतःला सोडवून घेतलं नाही. डॉ. हेरवाडे कपाळाला हात लावून ऐकत होते.

"काकू, मी विचारलं होतं तुम्हाला."

"औषध विचारलंत. हिंग विचारला असता तर हिंग सांगितला असता."

"होय, पण..."

"तुम्ही इथलेच ना? शिरोळकडचे?"

"होय."

"तुमच्या आईनं नव्हता लावला तुम्हाला?"

"लावायची," ते म्हणाले. "धाकट्या भावाला लावताना मी बघितलंय."

"मग तुम्हाला कसं सुचलं न्हाई विचारायचं?"

पडद्यावर डॉ. लिऊ यंत्राकडून ऐकत होत्या. यंत्र हिंगापाशी अडलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मी सांगितलं, एका झाडाच्या मुळाचा चीक वाळवून करतात. वास उग्र. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"पाणी किती घालता?" त्यांनी आत्तींना विचारलं.

"पाणी? चमचाभर. कोमट."

"बोट कुठल्या दिशेनं फिरवता?"

आत्तींनी हवेत बोट फिरवून दाखवलं. डॉ. लिऊंनी तिकडे तसंच फिरवून बघितलं. एकदा चुकीची दिशा झाली, तर आत्ती पटकन म्हणाल्या, "असं न्हाई, हिकडनं." दोघीजणी एकमेकींकडे बघत हवेत गोल काढत होत्या आणि चेलना माझ्या मांडीवर हसत होती.

मग डॉ. लिऊ म्हणाल्या, आणि यंत्रानं ते सपाट आवाजात सांगितलं, "लहानपणी माझ्या आजीने माझ्या बेंबीवर कांद्याची पात आणि मीठ बांधले होते. म्हणून मी यादीत पात आणि मीठ लिहिले. तुमच्या आज्यांना मी विचारले नाही. ही चूक माझी आहे."

"कांद्याची पात," आत्ती माझ्या कानाशी पुटपुटल्या. "बिचारी."

पण नियम नियमच होता. डॉ. हेरवाडे म्हणाले, "तो मी केला नाही, पण एकासाठी वाकवला तर सगळ्यांसाठी वाकवावा लागेल. प्रेक्षा, तुलाही गट एकोणीसपासून बाजूला करावं लागेल." मी मान हलवली. कुलूप लावायचं दोन आठवडे पुढे गेलं. अकरा नंबरनं शिकवलेलं सगळं पुसून टाकायचं ठरलं, आणि गटाला त्याच दुपारपासून पूर्ण औषध.

चेलनाची पट्टी मीच काढली. कडा सोडवताना पोटावरची लव ओढली गेली, तेव्हा ती "आई गं" म्हणाली. खाली बारीक गोल ठसा होता.

"आता दुसरी लाव."

"आता नाही लावायची."

"का?"

"सात नंबरला बरं वाटायला."

ती जरा वेळ बेंबीकडे बघत बसली. मग फ्रॉक खाली ओढला.

त्यानंतर आत्तींनी हिंगाला हात लावला नाही. खरं तर आता कुणाचीच आडकाठी नव्हती, ना यंत्राची, ना अर्जाची. मी वाटीत कालवून त्यांच्यापुढे धरला.

"नको बाई. माझ्या हातानं काय होतंय, काय न्हाई, मला काय कळतंय?"

"आत्ती, तुमच्या हातानं ती अडीच किलो वाढलीय."

"आणि दुसऱ्याची पोर आठशे ग्रॅम उतरली. तूच लाव."

मी चेलनाजवळ बसले. लाथेची तयारी ठेवून, चष्मा काढून बाजूला ठेवला. बोट बुडवलं. ती हलली नाही. डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघत होती, परीक्षा घेतल्यासारखी.

"असं नाही. आज्जी हळू करते."

मी हळू केलं.

"अजून हळू. आणि गाणं म्हणते ती."

"कुठलं?"

"असंच. शब्द नाहीत त्याला."

मी शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणले. दारात आत्ती उभ्या होत्या, हे मला ठाऊक होतं, पण मी वळून बघितलं नाही.

हिंगानं थोडा फरक पडतो. चारदा जाणारी तीनदा जाते. बारा किलो शंभरची ती आता अकरा किलो सहाशे झाली आहे. बालवाडीत अर्धा दिवसच जाते, पिशवीत तीन जोड कपडे असतात. सन्मती माझ्याशी लागेल तेवढंच बोलतो. भाजी काय आणू, गॅस लागलाय का, वगैरे. पण तिचे कपडे तो धुतो, मला हात लावू देत नाही. दोरीवर ओळीनं वाळत घातलेल्या त्या चड्ड्यांना तो दोन्ही टोकांना चिमटे लावतो, वारा नसला तरी.

दहा दिवसांनी डॉ. हेरवाडे जिन्यात भेटले. नियमानं त्यांनी मला काही सांगायला नको होतं. "सात नंबर चारशे ग्रॅम वर," ते जाता जाता म्हणाले आणि उतरून गेले.

घरी येऊन मी ते सगळ्यांना सांगितलं. आत्तींनी हात जोडले. सन्मती म्हणाला, "बरं झालं," आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. चेलना तेव्हा खेळत होती, तिचं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी न्हाणीघरात तिला धूत होते. त्या दिवशीची तिसरी वेळ. माझ्या खांद्याला धरून ती ओल्या फरशीवर उभी होती, एक पाय वर करून, बगळ्यासारखी. कळ येऊन गेल्यावर ती अशी गप्प होते.

"आई, सात नंबरचं पोट आता दुखत नाही?"

"नाही. बरी आहे ती आता."

"मी माझी पट्टी सोडली म्हणून?"

"हो. तू सोडलीस म्हणून."

तिनं दुसरा पाय वर केला. मी तांब्यानं पाणी ओतलं. तिच्या हाताची पकड खांद्यावर थोडी घट्ट झाली, पुन्हा कळ येत असावी. ती ओसरेपर्यंत थांबली, आणि मग तिनं विचारलं,

"मग सात नंबरच्या आईला माहितीये का, माझं दुखतंय ते?"